‘ओहम जुळवणं’ म्हणजे नक्की काय जुळवायचं?

माझ्या गिटारच्या ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) पाठीमागं ‘मिनिमम लोड ४ ओहम’ असं छापलंय. स्पीकरचे बॉक्स दोन आहेत, दोन्ही ८ ओहमचे. उद्यमनगरात एकजण म्हणाला पॅरललला लाव, म्हणजे दोन्ही बॉक्स थेट ॲम्पलाच जोड, ओहम कमी होतील पण लोड वाढेल. आता ओहम कमी झाले तर लोड वाढतो कसा? लोड म्हणजे ओझंच ना? आणि इम्पीडन्सला मराठीत काय म्हणायचं, रोध का विरोध का आणखी काय?

प्रतिसाद १
रोध म्हणजे रेझिस्टन्स, शाळेत ओहमच्या नियमात येतो तो. इम्पीडन्स म्हणजे संरोध. दोन्हीचं माप ओहमच, सगळा घोळ तिथंच होतो बघा. ८ ओहमच्या स्पीकरला मल्टीमीटर लावला की ६ च्या आसपास दाखवतो आणि आपल्याला वाटतं दुकानदारानं फसवलं, पण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतोय. संरोध म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा सगळा अडथळा आणि तो प्रत्येक सुराला वेगळा असतो, खालच्या एका ठरावीक सुराला तर ८ च्या कितीतरी पट वर चढतो, म्हणून बॉक्सवरचा आकडा ठोकताळाच समजायचा. ‘इम्पीडन्स’ हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८६ साली आणला.

लोडचं म्हणाल तर उसाला पाणी पाजताना एका सरीऐवजी दोन सऱ्यांची दारं एकदम उघडली तर वाट मोकळी होते, पाणी जास्त जातं आणि ताण मोटरीवर येतो. तसंच हे. ॲम्प २० व्होल्ट देत असेल तर ८ ओहमला अडीच अँपिअर ओढले जातात, ४ ला ५, आणि २ ओहमला १०. ओझं ॲम्पवर पडतं, ओहमवर नाही.

प्रतिसाद २
माझा आक्षेप ‘जुळवणं’ या क्रियापदावर आहे आणि तो मनापासून आहे. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला काही जुळवायचं नसतं, त्याला झेपेल एवढंच लावायचं असतं, १६ ओहम लावला तर आवाज कमी येईल पण बिघडत काही नाही. जुळवणं खरं व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्पला, त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ असे टॅप, म्हणजे बॉक्स जोडायच्या वेगवेगळ्या जागा असतात, बॉक्स जेवढ्या ओहमचा तिथंच लावायचा आणि बॉक्स न जोडता वाजवायचा तर अजिबात नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो.

आमच्या बेंजो पार्टीत मी ‘मॅचिंग’ म्हणजे सगळे बॉक्स सारखे असले की झालं असं समजून ८ चे चार पॅरललला लावले, म्हणजे २ ओहम, आणि ॲम्प होता ४ चा. ऐन नवरात्रात आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडाले. ‘झेपतंय का’ असं कुणी विचारलं असतं तर मी आकडा तरी बघितला असता ओ.

मूळ प्रश्नकर्ता
म्हणजे माझे दोन ८ चे पॅरललला ४ होतात, आणि माझा ॲम्प ट्रान्झिस्टरचाच आहे. झेपतंय तर?

प्रतिसाद २
झेपतंय की. फक्त तिसरा लावू नको भावा, २.६७ होतात.