सीएसआर फंडसाठी (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) अक्रेडिटेशन लागतंच का?

माळरान: आमची छोटी संस्था, बीड जिल्ह्यात पाणलोटाचं काम, ट्रस्ट रजिस्टर आहे, १२ए ८०जी (आयकर सवलतीची नोंदणी) पण आहे, आता एक कंपनी म्हणतेय क्रेडिबिलिटी अलायन्सचं (ही स्वयंसेवी संस्थांचा कारभार तपासून मान्यता देते) अक्रेडिटेशन आणा मग बोलू. कायद्याने लागतं का हे?

हिशोबनीस: नाही. कायद्याने १२ए, ८०जी, किमान ३ वर्षांचं काम आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा सरकारी नोंदणीचा फॉर्म. तो सीए किंवा सीएसकडून (कंपनी सेक्रेटरी) व्हेरिफाय करून भरला की सीएसआर नोंदणी नंबर मिळतो. बाकी अट कंपनीची स्वतःची.

जुनी कार्यकर्ती: अट त्यांची असली तरी पैसे पण त्यांचेच ना 😄 त्या अक्रेडिटेशनमध्ये मिनिमम आणि डिझायरेबल अशा दोन लेव्हल आहेत, आधी मिनिमम घ्या. आमचं काम जोरात होतं पण तपासणीत मिटिंगचं प्रोसिडिंग बुक (इतिवृत्ताची वही) बघायला मागितलं तर दोन वर्षं कोरं, आणि कार्यकारिणीत नवरा बायको मेहुणा, मग बसलो निस्तरत. ऑडिट रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर जातो ना ते पण बघा.

माळरान: प्रोसिडिंग... अरे देवा. आजच काढतो कपाटातून.

हिशोबनीस: मागच्या तारखा टाकून लिहू नका फक्त.