जग फिरल्याने बातमी अधिक कळते का?

धागालेखक:
बातमी जिथे घडते ते ठिकाण कधीच न पाहिलेल्या वाचकाला तिचा अर्थ कितपत लागतो, हा प्रश्न मी चर्चेला ठेवत आहे. माझे स्वतःचे मत असे की, प्रवासाशिवाय बातमी अर्धीच कळते. युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ च्या फेब्रुवारीअखेर, तुर्कस्तानने जहाजांच्या ये-जा करण्याचे नियम ठरवणाऱ्या १९३६ च्या माँत्रो कराराच्या आधारे काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीची वाट युद्धनौकांना बंद केल्याचे वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक अफाट समुद्र होता. पुढे इस्तंबूलमध्ये ती सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडली. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी साधारण ७०० मीटर आहे. कामावरून परतणारी माणसे बोटीत पेंगत होती आणि काळ्या समुद्राकडे निघालेले एक अवजड मालवाहू जहाज काठावरच्या घरांसमोरून संथपणे सरकत होते. इतक्या देशांचा सागरी व्यापार एवढ्याशा वाटेवर अवलंबून आहे, हे नकाशात अनेकदा पाहूनही मला उमगले नव्हते. त्यानंतर धान्याच्या जहाजांविषयीची कोणतीही बातमी मला परकी वाटली नाही.

प्रतिसाद १:
आपला अनुभव मी नाकारत नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट पूर्व प्रशियाबाहेर कधी गेले नाहीत, तरी सुमारे चाळीस वर्षे त्यांनी प्राकृतिक भूगोलावर व्याख्याने दिली. याउलट फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरियो १९३३ च्या उन्हाळ्याअखेरीस सोव्हिएत युक्रेनमध्ये जाऊन आले. लक्षावधी माणसांचा बळी घेणाऱ्या दुष्काळाचे ते वर्ष होते, पण यजमानांनी दाखवले तेवढेच पाहून ते परतले आणि दुष्काळ नाहीच, असे त्यांनी जगाला सांगितले. ते घरीच राहिले असते, तर त्यांच्या मताला कोणी एवढे वजन दिले नसते. ‘मी स्वतः पाहून आलो आहे’ या वाक्यापुढे पुराव्याची मागणीच थांबते, आणि प्रवासाचा हा धोका मला फार मोठा वाटतो.

प्रतिसाद २:
एरियोंचे उदाहरण योग्य आहे, मात्र ते अर्धे आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गॅरेथ जोन्स हा वेल्श पत्रकार खार्कीवकडे जाणाऱ्या आगगाडीतून वाटेतच उतरला, युक्रेनमधील गावांतून पायी फिरला, शेतकऱ्यांशी त्यांना कळेल अशा रशियन भाषेत बोलला आणि बर्लिनला पोहोचताच त्याने उपासमारीची बातमी जगापुढे मांडली. तिचे खंडन केले ते वॉल्टर ड्युरँटी यांनी. ते अनेक वर्षे मॉस्कोतच राहणारे न्यूयॉर्क टाइम्सचे प्रतिनिधी होते. म्हणजे तिथे जाऊन येणे पुरत नाही, आणि वर्षानुवर्षे राहणेही पुरत नाही. आखून दिलेल्या मार्गावरून आपण उतरतो की नाही आणि तिथल्या माणसांची भाषा आपल्याला कळते की नाही, यावर सारे ठरते.

प्रतिसाद ३:
या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. पारपत्र, व्हिसा, रजा आणि पैसा ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच जग कळते असे म्हणणे अन्यायाचे आहे. मालवाहू जहाजांवरचे खलाशी कितीतरी बंदरांना लागतात, पण मुक्काम काही तासांचा असल्याने अनेकांना धक्क्यापलीकडचे शहर दिसतही नाही.

धागालेखक:
तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ‘अर्धीच कळते’ हे माझे विधान मी मागे घेतो. तरीही दैनंदिन जीवनाबद्दलचा माझा मुद्दा उरतो. पनामा कालव्यात जहाजाला समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गाटुन सरोवरापर्यंत चढवले जाते, आणि त्यासाठी समुद्राचे नव्हे, त्या सरोवराचेच गोडे पाणी वापरतात. जलपाशाचे, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या बंदिस्त हौदाचे, दरवाजे उघडल्यावर ते पाणी समुद्राकडे जाताना मी पाहिले. पनामा सिटी आणि कोलोन या शहरांना पिण्याचे पाणीही याच सरोवरातून मिळते, हे मला तिथेच कळले. २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने रोज सोडायच्या जहाजांची संख्या घटवावी लागली, तेव्हा ती बातमी मला केवळ व्यापाराची वाटली नाही. उशिरा पोहोचणारी वस्तू आणि कुणाच्या तरी घरचा नळ एकाच पाण्याशी बांधलेले आहेत, हे मला दिसत होते.

प्रतिसाद १:
ही माहिती कोणत्याही चांगल्या आकृतीवरून मिळाली असती. परंतु ती शोधावीशी वाटली असती का, याचे उत्तर मी ठामपणे देऊ शकत नाही, आणि तेवढ्यापुरते आपले म्हणणे मला पटते. मग माझा प्रश्न असा की, परतल्यावर आपण पनामाविषयी वाचत राहिलात का? तसे नसेल, तर ते पाहणे एरियोंच्या पाहण्याहून फार वेगळे नव्हते.

धागालेखक:
वाचत राहिलो आहे, आणि त्यामुळेच माझी अडचण वाढली आहे. कालव्याला पाणी पुरावे म्हणून रिओ इंदिओ नदीवर धरण बांधण्याची योजना पुढे आली असून, ज्यांची घरे आणि शेते त्या खोऱ्यात बुडतील, असे गावकरी तिला विरोध करीत आहेत. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या सज्जातून जहाजे पाहून परतलो. त्या खोऱ्यात मी गेलो नव्हतो, आणि तिथे जायला हवे, हे तेव्हा मला ठाऊकही नव्हते.