जाई आणि जुई: शब्द दोन, वेली दोन

प्रश्न:
भाचीला जुळ्या मुली झाल्या. नावं ठरली आहेत जाई आणि जुई. बारशाच्या पत्रिकेवर दोघींची फुलं काढून घ्यायची आहेत, पण चित्रकार विचारतो, दोन्ही पांढरीच ना, मग फरक काय दाखवू? घरात एकमत नाही. आई म्हणते जाई म्हणजेच चमेली, वहिनी म्हणतात चमेली म्हणजे जुई. मुळात हे शब्द एकाच घरचे आहेत का?

उत्तर:
ताई, आधी मुलींना आशीर्वाद. शब्द एकाच घरचे नाहीत. आपण ‘जाईजुई’ एका दमात म्हणतो, त्यामुळे त्या सख्ख्या बहिणी वाटतात इतकंच. जाई ही संस्कृतातली ‘जाती’. मधला त गळून प्राकृतात ‘जाइ’ झालं आणि तेच आपल्याकडे आलं. जुई ही ‘यूथिका’. सुरुवातीच्या य चा ज होणं आपल्या ओळखीचं आहे: यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले. थ चा ह झाला. हिंदीनं तो ह राखला म्हणून तिकडे जूही, मराठीत तोही गळला.

‘यूथ’ म्हणजे कळप, समुदाय. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं वेल नीट पाहिली होती. जुईची फुलं लहान, पण फांदीच्या टोकाला दाट घोसानं येतात. एकेकटं फूल डोळ्यांत भरत नाही, घोस भरतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात यूथिकेच्या शेजारीच तिचं दुसरं नाव दिलंय, ‘गणिका’. ते ऐकून दचकू नका. मला ते ‘गण’ म्हणजे समूह यावरूनच आलेलं वाटतं, म्हणजे यूथिकेचाच अर्थ दुसऱ्या शब्दात.

आता वेलींकडे येऊ. दोन्ही जॅस्मिनम प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे इथे ‘जीनस’, जवळच्या जातींचा गट), मोगरा आणि कुंदही त्याच प्रजातीतले, आणि पारिजातकही याच कुळातला. दोघींची पानं समोरासमोर येतात. दोघींच्या पाकळ्या खाली जुळून नळी होते आणि त्या नळीत दोनच पुंकेसर असतात. म्हणून ओंजळीत नुसती फुलं घेतली की गोंधळ होतो. चित्रकाराला सांगा, फुलाआधी पान बघ.

जाईचं पान पिसासारखं असतं. एका देठावर पाच, सात, कधी नऊ पर्णिका (म्हणजे पानाचे छोटे सुटे भाग), जोडीजोडीनं, आणि टोकाला एकटी मोठी. ही टोकाची पर्णिका पुष्कळदा खालच्या जोडीला बुडाशी चिकटलेली दिसते. जुईचं पान पाहिलं तर वाटतं, हे साधं एकच पान आहे. पण देठाजवळ बोट न्या. तिथे दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या पर्णिका असतात, एखाद्या पानाला नसतातही. लॅटिनमध्ये ‘ऑरिक्युला’ म्हणजे छोटा कान. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टिन व्हाल यानं 1794 मध्ये जुईला जॅस्मिनम ऑरिक्युलेटम म्हटलं ते या कानांवरून. त्याआधी 1762 मध्ये लिनिअसनं जाईला ग्रँडिफ्लोरम म्हटलं होतं, म्हणजे मोठ्या फुलांची. आपल्या लोकांनी जुईला घोसावरून ओळखलं, व्हालनं कानांवरून. दोन्ही नावं खरी आहेत आणि मला दोन्ही आवडतात.

फुलांतला फरकही सांगतो. जाईच्या पाकळ्या बहुधा पाच, दीड-दोन सेंटिमीटर लांब, आणि कळीला बाहेरून गुलाबी-जांभळट छटा. जुईच्या पाकळ्या एका सेंटिमीटरहून लहान, कधी पाच तर कधी आठसुद्धा, आणि आतबाहेर पांढऱ्या. देठाजवळचा हिरवा निदलपुंज, म्हणजे फुलाच्या बुडाचा पेला, पाहिलात तर जाईला तिथे लांब दोऱ्यासारखी टोकं दिसतील, जुईला अगदी आखूड दाते.

चमेलीच्या बाबतीत आईंचं बरोबर आहे, हिंदीतली चमेली म्हणजे जाई. अमरकोशातली ‘मालती’ही जाईच. कुंपणावरची पांढऱ्यावरून लाल होत जाणारी मधुमालती मात्र अगदी वेगळ्या कुळातली.

जायफळ आणि जायपत्रीतली ‘जाय’सुद्धा हीच ‘जाती’ (जातीफल, जातिपत्री). शब्द तोच, पण ते झाड इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं आणि जाईशी त्याचं काही नातं नाही. इथे अर्थाची चूक महागात पडते. आयुर्वेदातल्या जात्यादि तेलात जे जातीपत्र घालतात ते जाईचं पान, जायपत्री नव्हे. कुणी शब्दावरून मसाल्याच्या डब्याकडे वळू नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

गोव्याहून पुरवणी:
आमच्या कोकणीत एक जाय, अनेक जायो. एकवचन क्वचितच कानावर पडतं, कारण फुलं माळेनंच घेतली जातात. म्हार्दोळच्या महालसा देवीची जायांची पूजा पावसाळ्यात असते. अख्खं देऊळ जायांनी सजतं आणि वास रस्त्यापर्यंत येतो. तिथे जायांबरोबर जुयो मिसळून चालत नाहीत.

उत्तर:
हे छान सांगितलंत. तमिळमध्येही दोघी वेगळ्याच राहिल्या. तिकडे जाईला जातीमल्ली म्हणतात, म्हणजे आपली जुनी ‘जाती’ तिथे अजून नांदते आहे. जुईला मात्र त्यांचा स्वतःचा शब्द आहे, मुल्लै. संगम काव्यात, म्हणजे प्राचीन तमिळ कवितेत, कुरणांच्या, गुराख्यांच्या रानप्रदेशाचं नावच मुल्लै आहे.

प्रश्नकर्ती:
तुमचं सगळं चित्रकाराला वाचून दाखवलं. जाईचं एकच मोठं फूल, शेजारी गुलाबी झाक असलेली कळी आणि सात पर्णिकांचं पान. जुईचा घोस, आणि पानाच्या देठाशी दोन कान. कान जरा मोठे काढू का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, नको, आहेत तेवढेच काढ.