‘बेचिराख’ : राख झालेले की दिवा विझलेले?

प्रश्न : जुन्या महसुली कागदांत काही मौजांपुढे (म्हणजे महसुली गावांपुढे) ‘बेचिराख’ असा शेरा असतो. ही गावे कुणी जाळली होती का?

– नाही. फारसी ‘बे’ म्हणजे विना, ‘चिराग’ म्हणजे दिवा. संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. मराठीत ‘ग’चा ‘ख’ झाला, शब्दात ‘राख’ ऐकू येऊ लागली आणि ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख’ असे आपण लिहू लागलो. तो अर्थही आता रूढ आहे, राहू द्या. कागदात मात्र अर्थ एवढाच : मौजा आहे, शिवार आहे, वस्ती नाही. शिवार शेजारच्या गावचे लोक कसतात.

– पण अशा उठून गेलेल्या गावाच्या जागी उरलेल्या टेकाडात राख सापडतेच की!

– सापडते, आणि तिथेच फसगत होते. ‘काळी’ म्हणजे पिकाचे रान, ‘पांढरी’ किंवा ‘पांढर’ म्हणजे वस्तीची जागा. चुलीची राख, शेण, चुना, ढासळलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती करडी-पांढरी होते. ही राख खड्ड्याखड्ड्यांत, पातळ पट्ट्यांत विखुरलेली असते. गाव खरेच जळाले असेल तर सगळीकडे एकाच पातळीवर थर लागतो : लालभडक भाजलेली भिंतीची ढेकळे, कोळसा झालेल्या तुळया, करपलेले धान्य. लोक आपणहून उठून गेले असतील तर तुळया, चौकटी, जोत्याचे घडीव दगडही नेलेले असतात. मागे उरतात खापरे, फुटके जाते, एखादे बुजलेले पेव, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले कोठार.

– ‘पांढर’ आणि ‘पांढरी माती’ एकच का?

– नेहमी नाही. पांढर ही जागा; तिथली माती खणून दुसरीकडेही नेतात. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, दरवर्षी पावसाळ्याआधी टाकतात ती माती पुष्कळदा जुन्या पांढरीतूनच खणून आणलेली असते. म्हणून माळवदावर खापर दिसले तर ते त्या घराचे वय सांगत नाही. खतासाठीही पांढर खणतात. टेकाडे संपतात ती अशी, आणि थर उलटेपालटे झाले की खालचे सातवाहनकाळाचे खापर वर येते, बहमनी काळाची रंगीत काचेची बांगडी खाली जाते. तेर, पैठणसारख्या ठिकाणी तर एकाच टेकाडात अनेक काळ एकावर एक बसलेले आहेत. तेव्हा पृष्ठभागावरच्या एका तुकड्यावरून ‘यादवकालीन गाव’ ठरवू नये.

– मग ‘ओसाड’?

– ते नुसते वर्णन. मौजा बेचिराख, जागा पांढर. ओसाड काय, एखादा वाडाही असतो.