तांबूस ठिपका रोहिणीचा की मंगळाचा?

प्रश्न: हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्राच्या वर एक तांबूस ठिपका दिसतो. तो रोहिणी आहे की मंगळ, हे दुर्बिणीशिवाय कसे ठरवावे? तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, एवढाच नियम मला ठाऊक आहे.

प्रतिसाद १: हा नियम उंचावरच्या आकाशात बहुधा लागू पडतो, क्षितिजालगत मात्र प्रकाश हवेच्या जाड थरातून येत असल्याने ग्रहही थरथरताना दिसतात, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. मृगातील ओळीने असलेले तीन तारे, म्हणजे बाण, आधी शोधावेत. ती रेषा खाली क्षितिजाकडे वाढवली की व्याध सापडतो आणि वर वाढवली की प्रथम रोहिणी, पुढे कृत्तिकांचा पुंजका.

प्रतिसाद २: वरील खूण उत्तम आहे, परंतु रोहिणी क्रांतिवृत्तापासून (सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग; ग्रहही त्याच्या आसपासच दिसतात) जेमतेम साडेपाच अंशांवर असल्याने ग्रह तिच्या शेजारून खरोखरच जातात. डिसेंबर २०२२ मध्ये प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना, मंगळ वृषभ राशीतच होता आणि रोहिणीपेक्षा कितीतरी तेजस्वी दिसत होता. अशा वेळी आसपासच्या ताऱ्यांसह साधे रेखाचित्र काढून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पडताळावे. जो जागचा हलला तो ग्रह.

प्रतिसाद ३: जाता जाता, शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर पांढरट, ठसठशीत ग्रह दिसला, तर तो शुक्र नसून बहुधा गुरू असतो.