कार्ल वीमन यांच्यावरचा सेमिनार आणि रुबिडियमच्या सेलमध्ये न दिसणारी बारीक शिखरं

ग्रेटिंगवाला: एमएस्सीला भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांच्या कारकिर्दीवर २० मिनिटांचा सेमिनार आहे. १९९५चं कंडेन्सेट (अतिथंड अणूंचा एकाच क्वांटम अवस्थेतला ढग) आणि २००१चं नोबेल सगळेच सांगतात. त्याआधीचं काम कुठल्या धाग्यानं जोडावं? सोबत संपृक्त शोषणाचा प्रयोग (एका बीमनं अणू संपृक्त करून उलट दिशेच्या दुसऱ्या बीमनं बारीक रेषा बघणं) दाखवायचाय. ७८० नॅनोमीटरचा लेझर डायोड, त्याची तरंगलांबी निवडायला मिलिमीटरला १८०० रेषांची ग्रेटिंग, रुबिडियमच्या बाष्पाचा सेल. डॉप्लरचे (अणूंच्या वेगांमुळे रुंदावलेले) शोषणाचे खड्डे दिसतात, आतली शिखरं नाहीत. लेझरची वारंवारता सरकवणारा स्कॅन मधेच उडीही मारतो.

अणुरेणू: धागा तुमच्या टेबलावरच आहे. वीमन यांची पीएचडी स्टॅनफर्डला लेझर-वर्णपटाचे तज्ज्ञ हान्श यांच्याकडे, १९७७ची. १९७६ मध्ये दोघांनी ध्रुवीकरण वर्णपटाची पद्धत मांडली, ती संपृक्त शोषणाचीच सख्खी बहीण. पुढे मिशिगनला आणि १९८४ पासून बोल्डरला (कोलोराडो विद्यापीठ) सीझियममधल्या पॅरिटीभंगाचं (डाव्या-उजव्या सममितीचा भंग) मोजमाप. हे काम कंडेन्सेटच्या सावलीत झाकलं जातं, पण माझ्या मते चिकाटी इथेच दिसते: १९९७ मध्ये अनिश्चितता ०.३५ टक्क्यांवर आणली.

डायोडचं वळण मात्र जरूर सांगा. तेव्हा डाय (रंगद्रावणाचे) लेझर महाग आणि नखरेल. सीडी प्लेअरसाठी ७८० नॅनोमीटरचे डायोड ढिगानं बनत होते आणि रुबिडियमची डी-२ ही शोषणरेषा नेमकी ७८०.२४ला. निव्वळ योगायोग! १९९० मध्ये त्यांच्या गटानं साध्या बाष्पाच्या सेलमध्येच सीझियमचे अणू पकडून दाखवले. अणूंची वेगळी झोत-यंत्रणा नको, म्हणजे खर्च आणि पसारा दोन्ही घटले.

मिलिअँपिअर: प्रयोगाचं बोलतो. पंप बीम (अणू संपृक्त करणारा) प्रोबच्या (शोषण मोजणारा मंद बीम) उलट दिशेनं जातोय का आणि दोन्ही सेलभर एकमेकांवर पडतात का, हे आधी बघा. कोन १० मिलिरेडियनच्या आत हवा. जास्त झाला की राहिलेलं डॉप्लर रुंदीकरण शिखरं पुसतं. नैसर्गिक रुंदी जेमतेम ६ मेगाहर्ट्‌झ, डॉप्लर रुंदी ५००च्या वर. पण कोन शून्यही नको, नाहीतर पंप उलटा डायोडमध्ये शिरून त्याला बिघडवतो. आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेनं जाऊ देणारा) असेल तर लावाच.

शक्ती: २ मिलिमीटरच्या बीमला प्रोब १०-२० मायक्रोवॅट, पंप १५०च्या आसपास. बरेच जण प्रोबच मिलिवॅटचा ठेवतात. मग प्रोब स्वतःच संपृक्त करतो आणि शिखरं चपटी होतात.

उडीचं कारण: पिएझो (व्होल्टेजनं किंचित लांबणारा स्फटिक) ग्रेटिंग हलवतो तेव्हा ग्रेटिंगमुळे बनलेल्या बाहेरच्या पोकळीचा मोड (तिच्यात टिकणारी वारंवारता) सरकतो, चिपचा मोड जागेवर राहतो. पिएझोच्या त्रिकोणी लहरीचा थोडा अंश डायोडच्या करंटलाही द्या. चिन्ह आणि प्रमाण स्कोपवर बघत ठरवा. सगळे चार खड्डे एका स्कॅनमध्ये धरू नका, ते जवळपास ७ गिगाहर्ट्‌झ होतात. रुबिडियम-८७चा एफ=२ आणि रुबिडियम-८५चा एफ=३ (एफ म्हणजे अणूच्या अतिसूक्ष्म ऊर्जापातळीचा क्रमांक) हे शेजारी सव्वा गिगाहर्ट्‌झच्या अंतरात आहेत, तेवढे पुरे.

ग्रेटिंग जुळवायला करंट थ्रेशोल्डच्या (लेझर पेटण्याच्या मर्यादेच्या) किंचित खाली आणा आणि उभा स्क्रू हळू फिरवा. बीम एकदम भडकला की फीडबॅक (ग्रेटिंगवरून डायोडमध्ये परतणारा प्रकाश) बसला. ७८० डोळ्याला मंद लाल दिसतो, शक्ती मंद नसते. चष्मा काढू नका.

ग्रेटिंगवाला: शिखरं आली तर ओळखायची कशी? तीनऐवजी जास्त दिसतात म्हणे.

अणुरेणू: सहा. तीन खरी, तीन क्रॉसओव्हर. दोन संक्रमणांच्या बरोबर मध्ये, एका ठरावीक वेगाचे अणू पंपला एका संक्रमणावर आणि प्रोबला दुसऱ्यावर प्रतिसाद देतात. ८७ एफ=२ मध्ये वरच्या टोकाला एफ′=३ (′ म्हणजे उत्तेजित पातळी), त्याच्याखाली १३३ आणि २१२ मेगाहर्ट्‌झवर दोन ठळक क्रॉसओव्हर. स्कॅनचं माप याच अंतरांवरून काढा. पिएझो सरळ रेषेत हलत नाही, म्हणून मोजणी एकाच दिशेच्या ढाळावर.

मिलिअँपिअर: सेमिनारात एक चूक टाळा: लेझर-शीतन एकट्यानं कंडेन्सेट देत नाही. ८७-रुबिडियमची डॉप्लर सीमाच (साध्या लेझर-शीतनाचं नीचतम तापमान) १४६ मायक्रोकेल्विन, आणि ५ जून १९९५ला बोल्डरला एरिक कॉर्नेल आणि वीमन यांच्या गटाला कंडेन्सेट दिसलं ते सुमारे १७० नॅनोकेल्विनला. मधली उतरण चुंबकीय सापळ्यात रेडिओलहरींनी उष्ण अणू हाकलून, म्हणजे बाष्पीभवनानं झाली. सापळ्याच्या मध्यबिंदूला क्षेत्र शून्य असतं, तिथून थंड अणू गळतात. ते भोक बुजवायला त्यांनी फिरतं चुंबकीय क्षेत्र वापरलं. शेवटी हाती राहिले ते दोनेक हजार अणू.