'हँड'चे इंग्रजी वाक्प्रचार मराठी जोडी देऊन शिकवावेत का?

मांजराकाठ, लातूर
मराठी माध्यमाच्या आठवी-नववीत ही जोडीची पद्धत बंद करावी, असं माझं ठाम मत आहे. जोडी दिली की लेकरू शब्द बघतं, अर्थ बघत नाही. 'वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे जबाबदारी झटकणं. बायबलमधला पिलात येशूच्या शिक्षेची जबाबदारी नाकारताना लोकांसमोर हात धुतो, तो प्रसंग यामागं आहे. आपल्याकडं 'हात धुवून घेणं' म्हणजे संधी साधणं आणि 'हात धुवून मागं लागणं' म्हणजे पिच्छा न सोडणं. 'विन हँड्स डाउन'चं तर थेट उलटं होतं. हात खाली दिसले की लेकरं 'हात टेकणे' लिहून मोकळी. मूळ अर्थ घोड्यांच्या शर्यतीतला: बराच पुढं गेलेला जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेतो, म्हणजे सहज जिंकतो.

गोदाकाठ, नांदेड
ताई, दोष जोडीचा नाही, चुकीच्या जोडीचा आहे. शब्द सोडा, प्रसंग जुळवा. 'वॉश हँड्स ऑफ'समोर 'हात वर करणे' ठेवा आणि 'थ्रो अप वन्स हँड्स'समोर 'हात टेकणे'. हताश झाल्यावर इंग्रजीत हात वर जातात, मराठीत खाली. फळ्यावर हे आमनेसामने लिहा, लक्षात राहतं. 'माय हँड्स आर टाइड'ला 'हात बांधलेले असणे' आणि 'राइट-हँड मॅन'ला 'उजवा हात', या तर आयत्या जोड्या. त्या सोडून कोरं पाठांतर कशाला?

बालाघाट, बीड
आयत्या जोड्यांनाच जास्त जपावं लागतं, सर. 'लिव्ह फ्रॉम हँड टू माउथ'ला सर्रास 'हातावर पोट असणे' दिलं जातं. आपल्याकडं हातावर पोट म्हणजे आज काम मिळालं तर आज चूल पेटणार: हमाल, रोजंदारीचा मजूर. इंग्रजीत रोजंदारीची अट नाही. पगार महिन्यातच संपून शिल्लक काही पडत नाही, अशा नोकरदारालाही ते चालतं.
आणि 'शो वन्स हँड' पत्त्यांच्या डावातलं: हातातली पानं, म्हणजे मनातला बेत उघड करणं. आपण हात दाखवतो एसटीला, ज्योतिषाला, नाहीतर रागात समोरच्याला.

पूर्णा, परभणी
अर्थाइतकेच गुण व्याकरणात जातात, त्यावर कुणी बोलेना. 'गिव्ह मी अ हँड' म्हणजे मदत कर. 'अ'च्या जागी 'युअर' आलं की नुसता हात पुढं कर. मराठीत असं उपपद नाही, म्हणून ते हमखास गळतं. 'माय हँड्स आर फुल', म्हणजे कामात बुडालोय. इथं अनेकवचनच हवं. 'अ‍ॅट हँड' जवळ, 'आउट ऑफ हँड' काबूबाहेर. पण 'रिजेक्ट आउट ऑफ हँड' म्हणजे विचार न करता तडकाफडकी नाकारणं. पूर्ण वाक्य लिहून घेतल्याशिवाय यातलं काही बसत नाही.

मांजराकाठ, लातूर
पूर्णाताईंशी पूर्ण सहमत. गोदाकाठ सर, प्रसंग जुळवा, पण क्रम बदला. आधी इंग्रजी वाक्य, मग लेकरानं तो प्रसंग मराठीत सांगायचा, जोडी शेवटी आणि तीही त्यानंच शोधायची. आपण आधी सांगितली की त्याचं डोकं तिथंच थांबतं.

गोदाकाठ, नांदेड
फसव्या जोड्यांना हा क्रम लावतो. 'उजवा हात' शोधायला लावण्यात मात्र तास घालवणार नाही. तो सरळ सांगून पुढं जाणार.